९ मे : ट्राम, बस आणि पत्ता हरवलेला राग

१/
९ मे २०२५ रोजी मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा. योगायोग असा की, बरोबर १५१ वर्षांपूर्वी याच तारखेला, ९ मे १८७४ रोजी, या शहरात पहिली घोड्यांची ट्राम धावली होती. दोन तारखा जुळल्या म्हणून इतिहास घडत नाही, हे खरे. परंतु या दोन तारखांच्या मध्ये एका प्रश्नाचे उत्तर शहराने मोठ्या कष्टाने मिळवले आणि फारसा गाजावाजा न होता गमावलेही. बस येत नाही, आली तर थांबत नाही, थांबली तर चढता येत नाही. अशा वेळी जाब कोणाला विचारायचा, हा तो प्रश्न.

२/
मुंबईच्या ट्राम-बसविषयी रम्य लेखनाची वाण नाही. घोड्यांच्या ट्रामची धूसर छायाचित्रे, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरचा अगदी पुढचा बाक, वाहकाच्या पेटीतल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, चिमट्याची टिकटिक हे सारे समाजमाध्यमांवर नियमाने फिरत असते. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी डिझेलवरची दुमजली बस शेवटची धावली, तेव्हा तर आठवणींना पूर आला होता. त्या आठवणी खोट्या नाहीत. मात्र स्मरणरंजनाची एक खोड असते. ते वाहनाकडे पाहते, वाहनाच्या मालकाकडे पाहत नाही. या थ्रेडमध्ये मालकाकडे पाहायचे आहे.

३/
आरंभ ट्रामच्या किंचित आधी. १८७२ च्या कायद्याने मुंबईला नवी महानगरपालिका मिळाली. ६४ सदस्य, त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले. 'करदाते' या शब्दावर थोडे थांबायला हवे. पोटासाठी शहरात आलेला, चाळीतल्या एका खोलीत दहा जणांबरोबर राहणारा माणूस या यादीत नव्हता. घरमालक होता, व्यापारी होता, वकील होता. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि १८७४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. मर्यादित का होईना, लोकनियुक्त सभागृह आणि खासगी ट्राम यांचा संसार मुंबईत असा जवळजवळ एकाच वेळी मांडला गेला.

४/
पहिले दोन मार्ग होते कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. कुलाब्याहून पायधुणीचे भाडे तीन आणे. सुरुवातीला तिकीट नावाची वस्तूच नव्हती. तिकिटे त्याच वर्षी नंतर आली. तबेल्यात सुमारे नऊशे घोडे असल्याची नोंद आढळते. तीन आणे हातावर पोट असणाऱ्याला जडच होते. गर्दी वाढू लागली तसे कंपनीने भाडे दोन आण्यांवर आणले. कमी भाडे आणि अधिक प्रवासी यांचे गणित नफ्याचेही असू शकते, हे एका खासगी कंपनीला १८७४ मध्ये उमगले होते. पुढे २०१९ च्या संदर्भात हे पुन्हा आठवावे लागेल.

५/
पण या कथेतला सर्वांत मोलाचा ऐवज कायद्यातल्या एका तरतुदीत होता. ठरावीक मुदतीनंतर ट्रामचा कारभार विकत घेण्याचा हक्क महानगरपालिकेने स्वतःकडे राखला होता. ती मुदत १९०१ मध्ये येणार होती. रस्ता शहराचा, त्यावर रूळ घालण्याची परवानगी कंपनीला. ती परवानगी कायमची नव्हे, आणि एक दिवस शहर म्हणू शकेल, 'आता हे आमच्याकडे द्या.' एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतीच्या शहरात, मूठभर करदात्यांच्या सभागृहाच्या हाती आलेला हा हक्क लहान नव्हता.

६/
त्या हक्काची खरी परीक्षा १८९९ मध्ये झाली. जगभर घोडे जाऊन वीज येत होती. ट्रामवे कंपनीनेही विजेवर ट्राम चालवण्यासाठी अर्ज केला, परंतु एक अट घातली. विजेसाठी भांडवल मोठे लागणार, आणि दोन वर्षांनी महानगरपालिका सारेच विकत घेणार असेल तर कंपनीने पैसा का ओतावा? म्हणून महानगरपालिकेने खरेदीचा हक्क सोडून द्यावा, अशी कंपनीची सूचना होती.

७/
कंपनीची बाजू अव्यवहार्य नव्हती, हे मान्य करायला हवे. कोणताही शेठ हेच म्हणाला असता. 'तुम्हांला सुधारणा हवी ना? मग हक्क सोडा.' हा युक्तिवाद आजही रोज ऐकू येतो, फक्त भाषा बदलली आहे. आज त्याला गुंतवणूकदाराचा विश्वास म्हणतात. त्या वेळच्या महानगरपालिकेने मात्र हक्क सोडला नाही. उलट कंपनी ताब्यात घेण्याचेच ठरवले. मग कायद्याच्या गुंतागुंतीत वर्षे गेली आणि विजेची ट्राम लांबली.

८/
तोवर प्रवाशांनी काय केले असेल? घोड्यांमागे बसून वाट पाहिली. तत्त्वाची किंमत बहुधा तत्त्व ठरवणाऱ्यांना द्यावी लागत नाही. ती थांब्यावर उभा असलेला माणूस देतो. हे विसरून त्या सभागृहाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

९/
अखेर १९०५ मध्ये मार्ग निघाला. नवी कंपनी उभी राहिली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच बेस्ट. ट्राम आणि वीज दोन्ही तिच्याकडे. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली. परंतु मुख्य गोष्ट करारपत्रात होती. ७ ऑगस्ट १९०५ च्या त्या करारात महानगरपालिकेचा खरेदीचा पर्याय शाबूत होता. कंपनी बदलली, इंधन बदलले, घोडे गेले आणि तारा आल्या, तरी शहराने आपला हक्क कागदावर पुन्हा लिहून घेतला.

१०/
ट्राम आणि वीज एकाच छपराखाली आल्याचा परिणाम दूरगामी ठरला. घरातला दिवा आणि रस्त्यावरची ट्राम यांचा हिशोब एकाच वहीत आला. पुढच्या काळात विजेच्या उत्पन्नातून वाहतुकीची तूट भरली गेली. ती कोणाची दया नव्हती, व्यवस्थेची रचनाच तशी होती. दक्षिण मुंबईतल्या दुकानाचे आणि कार्यालयाचे वीजबिल, शिवडीच्या कामगाराच्या तिकिटाला टेकू देत होते. बेस्टच्या तोट्याविषयी आज बोलताना ही वही कोणी फाडली, हे विचारले जात नाही. ते पुढे येईल.

११/
मधला काळ झपाट्याने पाहू. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, कारण गर्दी मावेना. १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागाकडे सरकली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. बस ही आरंभी ट्रामपेक्षा वरच्या थरातल्यांची गोष्ट होती. ती सर्वांची होण्यास वेळ लागला.

१२/
आणि मग ७ ऑगस्ट १९४७. करारातील पर्याय वापरून मुंबई महानगरपालिकेने कंपनी ताब्यात घेतली. १९०५ पासून बरोबर बेचाळीस वर्षे, दिवसही तोच. आठ दिवसांनी देश स्वतंत्र झाल्यामुळे ही तारीख झाकोळली गेली, ते साहजिकच. नावातला 'ट्रामवेज' जाऊन 'ट्रान्सपोर्ट' आला आणि आद्याक्षरे तशीच राहिली. बेस्ट ती बेस्टच. मालक मात्र बदलला. खासगी कंपनीचा कारभार शहराचा उपक्रम झाला.

१३/
पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, मुंबई महानगरपालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकारावर झाली. या दोन घटना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत वाचायला मिळतात, एक वाहतुकीच्या इतिहासात आणि दुसरी राजकीय इतिहासात. त्या एकत्र ठेवल्या की चित्र लखलखीत होते. १९४७ मध्ये बस शहराची झाली आणि १९४८ मध्ये शहर थांब्यावरच्या माणसाचे झाले. ट्राममध्ये दांडीला लोंबकळणारा गिरणी कामगार आता त्याच ट्रामच्या मालकसभेचा मतदार होता. १८७४ पासून मोजले तर त्याला ७४ वर्षे लागली.

१४/
याचा रोजच्या जीवनात अर्थ काय? बेस्टचे व्यवस्थापन महानगरपालिकेच्या बेस्ट समितीपुढे उत्तरदायी झाले. समितीत नगरसेवक असत. भाडेवाढीचा प्रस्ताव समितीत यायचा, तिथून सभागृहात. त्यावर गोंधळ व्हायचा, सभात्याग व्हायचा, वर्तमानपत्रांत नावे छापून यायची. यातले पुष्कळसे नाटक असे, हे कोण नाकारील? पण नाटकाला प्रेक्षक होते आणि पाच वर्षांनी त्या प्रेक्षकांच्या हातात शिक्का होता. वॉर्डातला बसमार्ग बंद झाला तर लोक नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसत. रागाला पत्ता होता.

१५/
पत्ता नसलेला राग कुठे जातो, हे कलकत्त्याने दाखवले. तिथली ट्राम १९५३ मध्येही ब्रिटिश कंपनीकडे होती आणि तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये. कंपनीने १ जुलै १९५३ पासून दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. एक पैसा! आज ऐकून हसू येईल. डाव्या पक्षांनी भाडेवाढविरोधी समिती उभारली. लोक ट्राममध्ये चढत, जुनेच भाडे पुढे करत आणि वाढीव पैसा द्यायला नकार देत. महिनाभर शहर पेटले. ट्राम जळल्या, लाठीमार आणि गोळीबार झाला, पत्रकारांनाही मार बसला. शेवटी भाडेवाढ मागे घ्यावी लागली. १९६७ मध्ये त्या कंपनीचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले.

१६/
कलकत्त्याचे लोक मुंबईकरांपेक्षा जात्याच अधिक क्रांतिकारक, असा एक लोकप्रिय समज आहे. तो आळशी आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेले, बेकारीने पोळलेले ते शहर होते, हे तर आहेच. पण आणखी एक फरक होता. मुंबईच्या प्रवाशाला भाडेवाढीवर भांडायला सभागृह होते. कलकत्त्याच्या प्रवाशाला कंपनीशी भांडायला रस्ताच उरला होता.

१७/
सार्वजनिक मालकीचा काळ सुवर्णयुग होता, असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या प्रकारचे स्मरणरंजन. मुंबईची ट्राम बंद केली ती कोणा परक्या कंपनीने नव्हे. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली, तेव्हा बेस्ट शहराच्याच मालकीची होती. ट्राम संथ आहे, मोटारींच्या वाटेत येते, हा विचार तेव्हा आधुनिक समजला जाई. मोटार होती मूठभरांकडे, ट्राममध्ये बसत हजारो. तरी रस्ता मोटारीला मोकळा करून देण्यात आला. लोकशाही मालक चुकीचे निर्णयही घेतो. संप झाले, आगारांत वशिलेबाजी झाली, गाड्या बिघडल्या, रांगा लांबल्या. फरक इतकाच की चूक कोणाची, हे सांगता येई.

१८/
आता ती फाटलेली वही. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर नियामक आयोगाच्या देखरेखीखाली गेले. एका व्यवसायाचा पैसा दुसऱ्याकडे वळवणे अवघड झाले. काही वर्षे वीजग्राहकांच्या बिलात परिवहनाची तूट भरून काढणारा आकार लावला गेला. त्यावर तक्रारी झाल्या, वाद झाले आणि तोही थांबला. ग्राहकाची तक्रार अन्यायाची नव्हती: 'मी दिवा लावतो, बसचे पैसे का देऊ?' परंतु शंभर वर्षांची रचना मोडताना तिच्या जागी दुसरी रचना उभी केली गेली नाही. वाहतूक विभागापुढे एकटा तोटा उरला. आणि 'तोटा' हा शब्द एकदा चिकटला की बससेवेचे मोजमाप किती लोक कामावर पोहोचले यावर होत नाही, किती रुपये बुडाले यावर होते.

१९/
हा शब्द सर्वांना सारखा चिकटत नाही, हीही एक गंमत. याच महानगरपालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला. त्यावर टोल नाही. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, म्हणजे मुख्यत्वे मोटारवाल्यांचा तो रस्ता. तो 'तोट्यात' आहे, असे वाक्य कोणी कधी वाचले आहे काय? रस्त्याला खर्च म्हणतात गुंतवणूक आणि बसला खर्च म्हणतात तूट. १९६४ मधला मोटारीचा मोह अजून उतरलेला नाही.

२०/
जानेवारी २०१९ मध्ये बेस्ट कर्मचाऱ्यांनी नऊ दिवसांचा संप केला. बेस्टच्या इतिहासातला तो सर्वांत दीर्घ संप मानला जातो. शहराचे हाल झाले आणि नेहमीप्रमाणे शिव्या चालक-वाहकांच्या वाट्याला आल्या. वेतनाच्या मागण्यांबरोबर त्यांची एक मागणी होती: बेस्टचा अर्थसंकल्प महानगरपालिकेच्या मुख्य अर्थसंकल्पात विलीन करा. नीट पाहिले तर ही १९४७ च्या खरेदीचा अर्थ पूर्ण करण्याची मागणी होती. बस शहराची असेल तर तिचा खर्चही शहराच्या वहीत दिसला पाहिजे. संपाच्या बातम्यांत रिकाम्या थांब्यांची छायाचित्रे पुष्कळ आली. या मागणीचा विचार त्या मानाने थोडा झाला.

२१/
त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाचावर आले आणि प्रवासी लाखांनी परतले. कंपनीच्या तीन आण्यांचे दोन आणे झाले होते, ते इथे आठवावे. म्हणजे लोकांना बस नको होती, असे नव्हते. पण त्याच वेळी कामगार संघटनेबरोबरच्या करारात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बसगाड्यांचा ताफा राखण्याचे मान्य केले होते, आणि घडले नेमके उलटे. जुन्या गाड्या आयुष्य संपताच भंगारात गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या गाड्या पुरेशा आल्या नाहीत. एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा तीन हजारांच्या खाली घसरला आणि २०२५ पर्यंत त्यांतल्या स्वमालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या.

२२/
भाडेतत्त्व, म्हणजे ज्याला 'वेट लीज' म्हणतात, ते समजून घेणे आवश्यक आहे. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. बेस्ट किलोमीटरप्रमाणे पैसे मोजते. गाडीवर रंग बेस्टचा, क्रमांक बेस्टचा, थांबा बेस्टचा. प्रवाशाला वाटते, तो शहराच्या बसमध्ये बसला आहे. प्रत्यक्षात शहराने त्याच्यासाठी काही किलोमीटर भाड्याने घेतलेले असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम थांबवले, तेव्हा बेस्टला आपल्याच रंगाच्या गाड्या आपल्या हुकमाने रस्त्यावर आणता येईनात. काही कंत्राटदार तर परवडत नाही म्हणून मुदतीआधीच निघून गेले. मागे राहिले रिकामे थांबे.

२३/
९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरील एक विजेवरची बस अनियंत्रित होऊन गर्दीत शिरली. किमान सात जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. चालकाला अटक झाली. मोठी विजेवरची बस चालवण्याचे त्याला पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते काय, यावर चर्चा झाली. प्रशिक्षण कोणी द्यायचे, तपासायचे कोणी, अपुरे असेल तर जबाबदार कोण, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळ्या दारावर जाऊन थांबत होते. कोठडीत गेला तो चालक. करारातल्या कलमांना अटक होत नाही.

२४/
आता ९ मे २०२५ कडे परत. भाडे दुप्पट झाले त्या दिवशी मुंबई महानगरपालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. बेस्ट समिती नव्हती. सभात्याग करायला कोणी नव्हते, कारण सभाच नव्हती. १८७४ मध्ये मूठभर करदात्यांचे का होईना, पण सभागृह होते. १५१ वर्षांनंतर सव्वा कोटींच्या शहरात भाडे दुप्पट करताना तेवढेही नव्हते.

२५/
मुंबई अपवाद नाही. १ जून २०२५ पासून पुण्यात पीएमपीचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. तिथेही महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. शिवाय पुण्यात २००७ पासून दोन महानगरपालिकांच्या सेवा एकत्र करून कंपनी केलेली आहे, म्हणजे प्रवासी आणि निर्णय यांच्यामध्ये एक संचालक मंडळ आधीच बसलेले. मेट्रोचे उदाहरण त्याहून बोलके. वर्सोवा-घाटकोपर मार्ग जून २०१४ मध्ये सुरू होताना करारात ९ ते १३ रुपयांचे भाडे ठरलेले असताना खासगी चालकाने १० ते ४० चे दर जाहीर केले, आणि मेट्रो कायद्याच्या आधारे ते टिकलेही. तिथे राज्य सरकारसुद्धा न्यायालयाच्या दारात एक पक्षकार म्हणून उभे होते. लोकलचा तर प्रश्नच नको. तिचा पत्ता दिल्लीचा.

२६/
तर मग मुंबईत २०२५ मध्ये कलकत्त्याचे १९५३ का झाले नाही? वाढ एका पैशाची नव्हती, दुप्पट होती. मुंबईकर सोशिक आहे, 'स्पिरिट' वगैरे, ही उत्तरे भाषणांसाठी बरी. खरे कारण बहुधा असे की, कलकत्त्याला समोर एक कंपनी दिसत होती. मुंबईत राग बेस्टवर काढावा तर बेस्ट म्हणते पैसे महानगरपालिका देत नाही, महानगरपालिकेत तेव्हा प्रशासक, प्रशासक राज्य सरकारचा, बस कंत्राटदाराची, भाड्याला मंजुरी परिवहन प्राधिकरणाची. पाच दारे, आणि प्रत्येक दारावर पुढच्या दाराचा पत्ता. शेवटी माणूस दहाची नोट काढतो, वाहकाकडे रागाने पाहतो आणि बसतो. नाहीतर शेअर रिक्षा पकडतो. ज्याला परवडते तो हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि रस्ता आणखी भरतो, आणि बस आणखी उशिरा येते.

२७/
वाहकावरच्या त्या रागाविषयी एवढेच. त्याला उद्धट म्हणणारे पुष्कळ असतात, आणि काही वाहक उद्धट असतातही. पण या साऱ्या व्यवस्थेत प्रवाशाच्या समोर प्रत्यक्ष उभा राहणारा तो एकटाच माणूस उरला आहे. पुष्कळ कंत्राटी गाड्यांत तर तोही एका नोकरीत आणि चालक दुसऱ्या नोकरीत. दोघांमध्ये घंटीची दोरी तेवढी समान.

२८/
काय करता येईल, याची चर्चा बहुधा नव्या गाड्या किती आणि ॲप कोणते, इथेच संपते. गाड्या हव्यातच. पण सभागृह आणि बेस्ट समिती यांच्यापुढचा पहिला विषय मालकीचा असला पाहिजे. बेस्टचा खर्च मुख्य अर्थसंकल्पात येणार की नाही? स्वमालकीचा किमान ताफा ठरावाने बांधून घेणार की नाही? आणि प्रत्येक नव्या कंत्राटात कंत्राटदार सोडून गेला तर गाड्या, आगारातली यंत्रणा आणि चालक शहराकडे राहतील, अशी तरतूद करणार की नाही? १८७४ च्या वकिलांना ते सुचले होते. १८९९ मध्ये कंपनीने तो हक्क सोडायला सांगितला तेव्हा आठ वर्षे विजेच्या ट्रामविना काढून शहराने तो राखला होता. आज तो सोडायला कोणी सांगितलेसुद्धा नाही. करार होत गेले आणि तो सुटत गेला.

२९/
दर वर्षी ७ ऑगस्टला 'बेस्ट दिन' साजरा होतो. आगारे सजतात, जुन्या ट्रामचे डबे आणि तिकिटे लोक कुतूहलाने पाहतात, मुलांना दाखवतात. ती तारीख पहिल्या ट्रामची नाही आणि पहिल्या बसचीही नाही. ती १९४७ च्या खरेदीची आहे. त्या दिवशी आगारात ओळीने उभ्या असलेल्या लाल गाड्यांपैकी बहुतेकींच्या नोंदणीपत्रात मालक म्हणून बेस्टचे नाव नसते.